सील नीट दिसत न्हाय

भिवंडीजवळच्या अंजूरमध्ये सावळारामाची ओळख एकच, खडूस. गोदामाच्या गेटवर वॉचमन होता तो, आणि त्याची खात्री पटल्याशिवाय एक गाडी बाहेर पडेल तर शपथ. माल भरला, दारं लागली, की कडीत लोखंडी सील ठोकायचं आणि त्याचा फोटो काढून गेटवर पाठवायचा, हा तिथला नियम. बाकीचे वॉचमन फोटोकडे बघितल्यासारखं करून गेटचा आडवा दांडा वर करत. सावळाराम उठायचा, चष्मा लावायचा, गाडीच्या मागे जायचा, सीलवरची धूळ अंगठ्याने पुसायचा आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून फोटोशी ताडायचा. एक आकडा पुसट असला तरी गाडी उभीच. ड्रायव्हर हॉर्न बडवत बसायचे. "चाचा, माल तुम्हारा है क्या?" कुणीतरी ओरडायचा. "माल तेरे सेठ का, सही मेरी," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आणि त्याचं म्हणणं काय चूक होतं? प्रत्येक सीलचा नंबर वेगळा. एकदा ठोकलं की कापल्याशिवाय निघत नाही. नंबर जुळला आणि सील शाबूत असलं, तर आत जे भरलं तेच आत आहे. यात वाद नाही, वशिला नाही, कुणाची मेहेरबानी नाही. जगात इतकी सरळ गोष्ट दुसरी नसेल, असं त्याला वाटायचं.

त्याचा एकुलता एक मुलगा हरेश याच गोदामात हमाली करता करता मोठ्या गाड्या चालवायला शिकला. दोन वर्षांपूर्वी त्याला बाहेर देशात नोकरी लागली. जिथे लढाई चालू होती अशा देशात, मदत वाटणाऱ्या एका संस्थेच्या गाडीवर ड्रायव्हर. बंदरावरच्या गोदामातून पीठ आणि औषधं भरायची आणि नदीपलीकडच्या गावांत पोहोचवायची. ठकुबाई, त्याची आई, आठ दिवस रुसून बसली होती. "जगात काय रस्ते संपले? लढाईतच कशाला मराया जातो?" हरेश हसला होता. "आई, पीठ न्यायचा हाय, बंदूक न्हाय. पिठाला कोन मारतो?"

तिकडे गेल्यावर बापलेकांचा एक खेळ सुरू झाला. खेळच म्हणायचा, दुसरं काय! रोज गाडी भरली की हरेश तिचा व्हिडिओ काढायचा. उघडी दारं, आतली पोती, मग दारं लावणं, सील ठोकणं, सीलचा नंबर. अंजूरची सवय ती, हाडात गेलेली. व्हिडिओ बापाला पाठवून खाली लिहायचा, "वॉचमन साहेब, गाडी तयार हाय. गेटपास द्या." सावळाराम गेटवरच्या खुर्चीत बसून नंबर वाचायचा आणि लिहायचा, "जाव दे." तेव्हाच हरेश गाडी चालू करायचा. तिकडचे सोबती त्याची टर उडवत, पण बापाच्या परवानगीशिवाय पोरगा एक दिवस निघाला नाही. सावळारामाची छाती फुगायची. त्या दोन शब्दांवर समुद्रापलीकडे एक ट्रक हलतो, म्हणजे चेष्टा आहे का?

माघी गणपती झाल्यावरच्या मंगळवारी सकाळी असाच व्हिडिओ आला. सावळारामाने बघितला. पोती ठीक, दारं ठीक, पण सीलवर चिखल उडाला होता आणि शेवटचे दोन आकडे झाकले गेले होते. त्याला गंमत सुचली. शेजारी बसलेल्या लडकूला, दुसऱ्या वॉचमनला, त्याने फोन दाखवला. "बघ, आज सापडला पोरगा." आणि लिहिलं, "सील नीट दिसत न्हाय. गाडी जानार न्हाय."

लडकू पोट धरून हसला. मग गेटवर एक कंटेनर आला, त्याचा नंबर बघण्यात वेळ गेला. फोन वाजला तेव्हा हरेशचा फोटो आलेला होता. सील पुसून लख्ख केलेलं, अगदी जवळून काढलेलं, सातही आकडे स्वच्छ, आणि कडेला हरेशचा अंगठा, हातोडी बसून काळ्या पडलेल्या नखाचा. खाली लिहिलं होतं, "आता दिसताय ना? निघू का?" सावळारामाने लिहिलं, "दिसताय. जाव दे."

त्या दिवशी संध्याकाळी चारला फोन आला. हरेशच्या गाडीवर आकाशातून बॉम्ब पडला होता.

हरेशची शवपेटी एकोणीस दिवसांनी आली. उघडायची परवानगी नव्हती. ठकुबाई पेटीला मिठी मारून ओरडत राहिली, "एकदा पाय तरी दाखवा माझ्या पोराचा." खाडीकाठच्या स्मशानात पेटीसकट अग्नी दिला. पोरांनी नाक्यावर हरेशचा मोठा बॅनर लावला, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली सगळ्या मित्रमंडळींची नावं.

तीन दिवसांनी टीव्हीवर बातमी आली. ज्या सैन्याने गाडी उडवली होती त्याच्या प्रवक्त्याने सांगितलं, की त्या ट्रकमधून शत्रूची हत्यारं चालली होती. झालं! भिवंडीच्या तरुणाच्या गाडीत शस्त्रसाठा, अशी पट्टी दिवसभर फिरली. दुसऱ्या दिवशी नाक्यावरचा बॅनर गायब. कुणी काढला, कुणाला ठाऊक नाही. पोलीस दोनदा येऊन गेले, हरेश कुणाकुणाशी बोलायचा ते विचारून गेले. आणि लडकू, ज्याने वीस वर्षं सावळारामाच्या डब्यातलं खाल्लं, तो एके दिवशी हळूच म्हणाला, "पोराला ठाव तरी होता का रं, गाडीत काय हाय ते?"

सावळारामाने डब्याला झाकण लावलं आणि उठला. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पोरगा परत येणार नव्हता. पण त्याच्या गाडीत पीठ होतं, एवढं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. एवढं एक वाक्य. तेवढ्यासाठी त्याला जगायचं होतं.

भिवंडीत आसावरी नावाची वकील होती, हरेशच्या शाळेतल्या माधवसरांची मुलगी. ती स्वतःहून घरी आली. तिने समजावलं, की लढाईलाही कायदा असतो. दवाखाना, अन्नाची गाडी, पांढरं निशाण यांच्यावर मारा करायचा नाही, आणि कुणी केला तर चौकशी होते.

"कोन करतो चौकशी?" सावळारामाने विचारलं.

"त्यावरच तर भांडण चाललंय, काका." आसावरी म्हणाली. "सगळ्या देशांची एक परिषद असते. तिथे मतदान होऊन चौकशी आयोग नेमतात. सध्या एक तात्पुरतं पथक पुरावे गोळा करतंय. पूर्ण चौकशी होणार की नाही, ते मतदानावर."

"माझा पोर मेला का न्हाय, ह्याच्यावर मतदान?"

आसावरीने वही उघडली आणि त्या दिवसाची माहिती लिहून घेऊ लागली.

चैत्रात त्या पथकातल्या एका बाईंशी बोलणं ठरलं, आसावरीच्या कामतघरच्या ऑफिसात, तिच्या लॅपटॉपवर. बाई इंग्रजीत बोलायच्या, आसावरी मराठीत सांगायची. बाई चांगल्या होत्या. आधी हरेशबद्दल विचारलं, तो कसा होता, काय खायचा. मग म्हणाल्या, जळालेल्या ट्रकच्या ढिगाऱ्यात मागच्या दाराची कडी सापडली आहे आणि तिच्यात सील शाबूत आहे. नंबर वाचता येतो. पण बंदरावरचं गोदामच पुढच्या आठवड्यात बॉम्बहल्ल्यात जळलं, त्यामुळे कुठल्या मालावर ते सील लावलं होतं याची नोंद उरलेली नाही. कुटुंबाकडे काही आहे का?

सावळाराम खुर्चीतून उभाच राहिला. "हाय! हाय ना! सांग त्यांना, ताई, माझ्याकडं हाय! पोती भरल्यापासनं सील ठोकेपर्यंत सगळा हाय!" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला हसू आलं. खडूस म्हणतात काय! बघा आता खडूसपणा!

बाईंचाही चेहरा उजळला. मग त्यांनी कागद बघून आणखी एक प्रश्न विचारला. आसावरीने तो जसाच्या तसा मराठीत केला. "त्या दिवशी आठ ट्रक होते. ते पुलावरून कधी जाणार, ती वेळ दोन्ही सैन्यांना आधी कळवलेली होती. सात ट्रक वेळेत पार झाले. हरेशचा एकटाच मागे राहिला आणि वेळ संपल्यावर पुलावर आला. ते सैन्य म्हणतं, वेळेनंतर एकटी गाडी दिसली म्हणून संशय आला. तो मागे का राहिला, काही कल्पना आहे का? अकरा मिनिटं."

सावळाराम खाली बसला. खिशातला फोन बाहेर काढला नाही. "बघून सांगतो," एवढंच म्हणाला.

बाहेर येऊन तो रिक्षा स्टँडच्या पलीकडे, पॉवरलूमच्या खडखडाटात, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि फोन उघडला. त्याचा निरोप: सील नीट दिसत न्हाय. वेळ दहा बावीस. हरेशचा फोटो आणि त्याचं जाव दे: दहा तेहतीस. त्याने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. अकरा. मोजून काही कमी होईना. पोरगा चिखल पुसत बसला होता, पाणी शोधत फिरला असेल, फडकं शोधलं असेल, सोबती पुढे निघून गेले असतील आणि हा बापाच्या हुकमाची वाट बघत थांबला असेल. सावळारामाने त्या पायरीवर स्वतःच्या तोंडात मारून घेतली. येणारेजाणारे बघत राहिले.

चार दिवस तो गेटवर गेला नाही. आसावरी फोन करत होती, तो घेत नव्हता. पाचव्या दिवशी ती घरी आली. तेव्हा त्याने तिला फोन दिला आणि पाठ फिरवून उभा राहिला. तिला वाचायला फार वेळ लागला नाही.

"नुसता शेवटचा फोटो दिला तर?" त्याने भिंतीकडे बघत विचारलं.

"चालणार नाही, काका. एकटा फोटो खोटा म्हणतील. मूळ फोन, सगळं बोलणं, वेळेसकट द्यावं लागेल." तिने फोन त्याच्या हातात परत दिला. "उशीर झाला म्हणून पिठाची गाडी मारता येत नाही. कायद्यात तसं कुठेही नाही. तुमची काही चूक नाही. पण हे दिलं, तर ते पहिलं बोट तुमच्याकडे दाखवतील, हेही सांगायला हवं."

ठकुबाई ओटीवर जवळा, सुकी बारीक कोळंबी, निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. आसावरी गेल्यावर सावळाराम तिच्यासमोर जाऊन बसला आणि एका दमात बोलून टाकलं. "मीच थांबवला त्याला. गंमत म्हनून. मीच मारला तुझ्या पोराला."

तिचे हात थांबले. मग अचानक सूप बाजूला भिरकावलं आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली. तो हलला नाही. मारून मारून ती थकली आणि तिथेच त्याच्या मांडीवर डोकं टेकून हमसाहमशी रडली.

रडून झाल्यावर ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "द्या त्यांना सगळा. माझ्या पोराच्या गाडीत पीठ होता, हे जगाला दिसू दे. तुमचा आनि माझा काय असंल ते आपन घरात बघू."

त्याने फोन दिला. बाईंचं मोठं आभाराचं पत्र आलं. सीलचा नंबर ढिगाऱ्यातल्या सीलशी जुळत होता, सातच्या सात आकडे. आता मतदान बाकी होतं.

आणि इथून पुढे, देवा, काय तमाशा झाला! परिषदेत ठराव आला. त्यात आधी म्हटलं होतं, या हल्ल्याचा आम्ही निषेध करतो. त्यावर आठ दिवस खल झाला. निषेधाचं तीव्र चिंता झालं. तीव्र शब्दावर कुणाची तरी हरकत, म्हणून नुसती चिंता. मग हल्ला शब्द जाऊन घटना आली. प्रत्येक वेळी आसावरी फोन करून सांगायची आणि सावळाराम विचारायचा, "पिठाचा काय?" पिठाचं अजून यायचं होतं. आपल्या सरकारातल्या एका साहेबांचाही आसावरीला फोन आला. फार गोड बोलले. विषय योग्य पातळीवर मांडलेला आहे, म्हणाले. मतदानात आपण काय करणार असं आसावरीने विचारलं, तेव्हा दोन्ही देशांशी आपले जुने संबंध आहेत असं म्हणाले. म्हणजे हात वर करणार नाही आणि खालीही करणार नाही. गेटवर असा वॉचमन ठेवला असता तर शेठने दुसऱ्या दिवशी हाकलला असता.

मतदान दोनदा पुढे ढकललं. पाऊस आला, गेला. गणपती बसले, सावळारामाच्या घरी सुतक नव्हतं तरी आणले नाहीत. नवरात्रात कळलं की आता मतदानच होणार नाही. लढणाऱ्या दोन्ही बाजूंनी आपसात बोलणी केली होती, कैद्यांची अदलाबदल ठरली होती, एक बंदर उघडायचं ठरलं होतं, आणि त्या सगळ्या देवाणघेवाणीत ठराव मागे घेतला गेला. त्याऐवजी एक संयुक्त निवेदन निघालं. बाईंचं पथक बरखास्त झालं. जाताना त्यांनी आसावरीला एकाच ओळीचं पत्र पाठवलं, की मला माफ करा.

आसावरी निवेदनाचा छापील कागद घेऊन दुपारी घरी आली. ठकुबाई विहिरीवर गेली होती. सावळाराम ओटीवर बसला. "वाच," म्हणाला. "आधी पिठाचा वाच."

इंग्रजी कागद होता, वर दोन सोनेरी मुद्रा. आसावरी मराठी करत वाचत गेली. "वाहनात काय होते याबाबत दोन्ही पक्षांमध्ये मतभेद कायम आहेत. मात्र, वाहन ठरलेल्या वेळेनंतर निघाले, आणि हा विलंब चालकाच्या खाजगी संभाषणामुळे झाला, याबाबत सर्व पक्षांचे एकमत आहे. त्यामुळे अधिक चौकशीची आवश्यकता नाही. जीवितहानीबद्दल सर्व पक्ष खेद व्यक्त करतात."

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"नंबर जुळला होता," सावळाराम म्हणाला. "सात आकडे. सील फुटला नव्हता."

"हो, काका."

"तरी मतभेद."

"हो."

"आनि माझ्यावर एकमत."

आसावरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात ठकुबाई डोक्यावर हंडा घेऊन अंगणात आली. तिने दोघांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, हंडा तसाच खाली ठेवला. त्यातलं अर्धं पाणी सांडलं. "आला? अवो, आला का कागद? काय लिवलाय?"

आसावरी तोंड उघडणार होती. सावळारामाने तिच्या हातातून कागद काढून घेतला.

"लिवलाय," तो म्हणाला. "पीठ होता, असा लिवलाय."

ठकुबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती त्याच्याजवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "आनि तुमचा?"

"माझा काय न्हाय लिवला."

ती मटकन खाली बसली आणि कागद कपाळाला लावून रडली. इतक्या महिन्यांत ती अशी रडली नव्हती, हलकी होऊन. आसावरी उठून अंगणात गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी ठकुबाई रिक्षा करून भिवंडीला गेली आणि कागद काचेत बसवून आणला, जाड लाकडी चौकट, सोनेरी पट्टी. हरेशच्या हार घातलेल्या फोटोखाली खिळा ठोकून टांगला. मग आळीतल्या बायका बोलावल्या, लडकूच्या बायकोला मुद्दाम बोलावलं. "बघा, मोठ्या मोठ्या देशांनी सह्या करून दिलाय. माझा पोर पीठ नेत होता." बायकांनी काचेवरून हात फिरवला. इंग्रजी वाचणारं तिथे कुणी नव्हतं. लडकू स्वतः आला, कागदासमोर हात जोडून उभा राहिला आणि सावळारामाच्या पायाशी वाकून म्हणाला, "चुकला माझा." सावळारामाने त्याला उठवलं. नाक्यावर बॅनर परत लागला.

सावळाराम पुन्हा गेटवर जाऊ लागला. गाडी आली की खुर्चीतूनच दांडा वर करतो आता, उठत नाही. ड्रायव्हर खूश आहेत.

जेवायला घरी येतो तेव्हा त्याचं ताट त्या चौकटीच्या समोरच मांडलेलं असतं. रस्त्यावरून दिवसभर गोदामाच्या गाड्या जातात आणि काचेवर धूळ बसते. ठकुबाई रोज, त्याला वाढण्याआधी, पदराच्या टोकाने ती काच पुसते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकही अक्षर झाकलेलं राहू नये म्हणून. मग बाजूला सरकून त्याला विचारते,

"अवो, आता नीट दिसताय ना?"

सावळाराम मान वर करून बघतो. "दिसताय," म्हणतो, आणि घास उचलतो.